सुई घेण्याआधी: जीवनसत्त्वांची कमतरता ओळखण्याचा क्रम

परळ-लालबागच्या पट्ट्यात मी रक्ताची सॅम्पल घ्यायचं काम करते. दंडाला पट्टा बांधता बांधता मी एक प्रश्न हमखास विचारते, "मागच्या दोन-तीन महिन्यांत ताकदीची सुई घेतली होती का?" उत्तर बरेचदा असं येतं, "हो ना ताई, परवाच घेतली. लाल रंगाची. थकवा फार होता." आणि हातातल्या कागदावर तपासणी लिहिलेली असते बी-१२ ची.

ती लाल सुई बी-१२ चीच असते. ती घेतल्यावर रक्तातला आकडा कित्येक आठवडे वर राहतो. रिपोर्ट चांगला येतो, घरचे निश्चिंत होतात, कमतरता का झाली हे कुणी शोधत नाही आणि काही महिन्यांनी पायाला पुन्हा मुंग्या येऊ लागतात. सगळा गोंधळ क्रम उलटा झाल्यामुळे होतो. म्हणून पहिल्या दिवसापासून काय कधी करायचं, ते इथे लिहिते आहे. निदान आणि औषधाची मात्रा डॉक्टरच ठरवतील; त्यांच्यासमोर जाताना आपली तयारी काय असावी, एवढंच या लेखात आहे.

वाट पाहायची नाही अशा गोष्टी

खालीलपैकी काही असेल तर वही, यादी, तपासणी सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. केईएम, सायन, नायर, कूपर यांपैकी जे जवळ असेल ते.

- बसल्या जागी धाप लागणं, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, काळी डांबरासारखी शौच.
- चेहरा वाकडा होणं, एका बाजूचा हातपाय अचानक लुळा पडणं, बोलणं अडखळणं.
- तापासोबत हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त. पावसाळ्यात हा डेंग्यू असू शकतो. याला जीवनसत्त्व-सी ची कमतरता समजून लिंबूपाणी देत बसू नका.
- गरोदरपणात दिवसेंदिवस उलट्या आणि त्यातच दोन-दोन दिसणं, गोंधळल्यासारखं वागणं, चाल बिघडणं. जास्त दारू पिणाऱ्या माणसात हेच दिसलं तरीही. बी-१ संपलं की मेंदूवर असा परिणाम होतो आणि त्यात तासांचाही फरक पडतो.
- अंगावर पिणारं बाळ आधी हसत होतं, मान धरत होतं आणि आता सुस्त झालंय, थरथरतंय. आईच्या शरीरात बी-१२ नसेल तर बाळालाही ते मिळत नाही.

## १. पंधरा दिवसांची वही

एक साधी वही घ्या. मोबाइलमध्ये लिहिलंत तरी चालेल, पण रोज लिहा. "अशक्तपणा आहे" या वाक्यातून डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. "दादरच्या पुलाचा जिना चढताना मध्येच थांबावं लागतं, दिवाळीत थांबावं लागत नव्हतं" यातून पुष्कळ लागतं.

प्रत्येक तक्रारीपुढे चार गोष्टी असाव्यात: कधीपासून, शरीरावर नेमकी कुठे, एका बाजूला की दोन्ही बाजूंना, आणि कशाने वाढते. यातला तिसरा प्रश्न लोक सोडून देतात आणि नेमका तोच कामाचा असतो. बी-१२ च्या मुंग्या सहसा दोन्ही पायांना, तळव्यांपासून सुरू होतात. एकाच पायात कंबरेपासून खाली कळ येत असेल तर मणक्याकडे बघावं लागतं. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होत असतील तर मनगटात नस दबलेली असू शकते.

वहीच्या शेवटच्या पानावर चालू औषधं लिहा. त्याहून सोपं म्हणजे सगळ्या पट्ट्या एका पिशवीत भरून न्या. "शुगरची एक पांढरी गोळी" असं सांगून भागत नाही. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी होतं, आणि रोज सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांतही. ती ॲसिडिटीची गोळी लोक औषधांत धरतच नाहीत.

तपासून बघा: वहीत "थकवा", "अशक्त", "बरं वाटत नाही" असे शब्द असतील तर ते खोडून त्या दिवशी कोणतं काम जमलं नाही ते लिहा.

## २. दिवसाच्या उजेडात शरीर बघणं

ट्यूबलाइटखाली जीभ आणि पापणी फसवतात. सकाळी गॅलरीत किंवा खिडकीपाशी आरसा घेऊन बसा. लिपस्टिक, नेलपॉलिश, मेंदी काढलेली असावी. मेंदीची नखं घेऊन फिकटपणा कळणार नाही.

खालची पापणी. बोटाने हलकेच खाली ओढा. आतली कड लालसर गुलाबी हवी. फिकट, पांढुरकी असेल तर रक्त कमी असण्याची शक्यता आहे. सावळ्या रंगाच्या माणसात चेहऱ्यावरून हे ओळखता येत नाही, त्यामुळे पापणी, जीभ आणि तळहाताच्या रेषा बघायच्या.

जीभ. निरोगी जीभ थोडी खरखरीत असते, तिच्यावर बारीक दाणे दिसतात. ते झिजून जीभ गुळगुळीत, तांबडी झाली असेल, मिसळ-लोणचं तोंडात घालवत नसेल, तर बी-१२, फोलिक ॲसिड किंवा लोह यांपैकी काही तरी कमी असू शकतं. सकाळी ब्रश करण्याआधी मोबाइलने फोटो काढून ठेवा. उपचारानंतर तुलना करायला त्याचा उपयोग होतो.

ओठांच्या कडा. दोन्ही कडा चिरलेल्या, पुन्हा पुन्हा चिघळणाऱ्या असतील तर बी-२ आणि लोह आठवा. पण कवळी सैल असेल किंवा बुरशी लागली असेल तरी असंच दिसतं. तोंड आलं की बी-कॉम्प्लेक्स, ही आपल्याकडची घरोघरची सवय आहे. दोन आठवड्यांत बरं न होणारं तोंडातलं एखादं व्रण, विशेषतः तंबाखू-मिश्री लावणाऱ्याचं, डॉक्टरांना दाखवलंच पाहिजे. तिथे गोळ्या खात महिने घालवू नका.

बोटांचे सांधे. हाताची मूठ वळा आणि सांध्यांवरची कातडी बघा. पूर्वी नव्हता असा काळेपणा तिथे आला असेल तर ती बी-१२ कमी असल्याची खूण असू शकते. लोक उन्हाचा किंवा भांड्याच्या साबणाचा परिणाम म्हणून सोडून देतात. माझ्या मते आपल्याकडे ही सगळ्यांत दुर्लक्षित खूण आहे.

नखं. मध्ये खोलगट, चमच्यासारखी झालेली नखं लोह कमी असल्याचं सांगतात. नखांवरचे पांढरे ठिपके मात्र बहुतेक वेळा नखाला लागलेल्या बारीक माराचे असतात. त्यांच्यासाठी कॅल्शियम सुरू करू नका.

हिरड्या आणि त्वचा. ब्रश करताना रक्त येणं हे बहुतेकदा दातांवरच्या किटणामुळे असतं. आधी दातांचे डॉक्टर. त्यासोबत हिरड्या सुजलेल्या, मार न लागता अंगावर निळे डाग, केसांच्या मुळाशी लाल ठिपके असं सगळं जमून आलं तर सी चा विचार होतो. वर्षानुवर्षं भाजी-फळ न खाणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांकडे या बाबतीत लक्ष द्यावं.

लहान मुलांच्या बाबतीत एक गोष्ट संध्याकाळी बघायची. दिवेलागणीला मूल अडखळतं का, जमिनीवरचं खेळणं चाचपडत शोधतं का? डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखा करडा डाग आहे का? ही जीवनसत्त्व-ए च्या कमतरतेची लक्षणं आहेत. या जीवनसत्त्वाचा डोस नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी सरकारी कार्यक्रमातून दिला जातो. मुलाचं लसीकरण कार्ड काढून तो चुकला आहे का ते बघा, आणि महापालिकेच्या आरोग्य केंद्रात विचारा.

सावधान: जीवनसत्त्व-ए च्या मोठ्या डोसाच्या गोळ्या गरोदर बाईने स्वतःहून कधीही घेऊ नयेत. गर्भाला व्यंग येऊ शकतं.

केस गळण्याबद्दल थोडक्यात. ताप, बाळंतपण, ऑपरेशन यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस भराभर गळतात आणि नंतर आपोआप थांबतात. मुंबईत ऑगस्टमध्ये डेंग्यू होतो आणि दिवाळीच्या सुमारास कंगवा भरून केस येऊ लागतात. त्याआधीचा ताप कुणाला आठवत नाही. वहीत तो लिहा.

## ३. पाय आणि तोल

या पायरीवर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण उशीर झाला तर नसांचं नुकसान पूर्ण भरून येईलच असं नाही.

लालबागच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर सॅम्पल घ्यायला गेले होते. काकू खालून दूध घेऊन वर आल्या त्या एकाच पायात चप्पल घालून.

"काकू, दुसरी चप्पल?"

"अगं बाई, जिन्यात राहिली वाटतं. हल्ली पायातून कधी निसटते, कळतच नाही मेलं."

सॅम्पल घेता घेता आणखी कळलं. मोरीत तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की पुढे झोक जायचा, म्हणून त्या एक हात भिंतीला टेकवून तोंड धुवायच्या. जिन्यातला दिवा गेला की नात हात धरून न्यायची. घरात सगळे म्हणत होते, वय झालं. मालिश चालू होतं. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू होतं आणि काका गेल्यापासून त्यांनी मासळी सोडली होती. हिमोग्लोबिन १२.४ आलं, म्हणजे अगदी ठीक. बी-१२ आलं १३१, म्हणजे कमी. रक्त कमी नसतानाही बी-१२ च्या अभावाने नसा बिघडू शकतात. "हिमोग्लोबिन चांगलं आहे, म्हणजे काही कमी नाही" हे वाक्य म्हणूनच धोक्याचं आहे.

घरी बघता येतील अशा गोष्टी:

1. गुळगुळीत फरशीवर अनवाणी चालताना कापसावर चालल्यासारखं वाटतं का?
2. कुणाला तरी शेजारी उभं करून, भिंतीच्या कोपऱ्यात, पाय जुळवून उभे राहा. आधी डोळे उघडे, मग मिटून. डोळे मिटल्यावरच झोक जात असेल तर लिहून ठेवा. एकट्याने हे करू नका.
3. जमिनीवर मांडी घालून बसा आणि हात न टेकता उठून बघा. गुडघे दुखत नसताना मांड्यांत आणि कंबरेत जोरच नाही असं वाटलं, लोकलच्या डब्याची पायरी चढताना दांडा धरून अंग वर ओढावं लागलं, तर जीवनसत्त्व-डी चा विचार करा.
4. नडगीच्या हाडावर, बरगड्यांवर अंगठ्याने दाबा. दाबल्यावर हाडच दुखतं का? डी कमी असताना हे होतं. सांध्याची सूज मात्र त्याने येत नाही.

सावधान: मुंग्या येतात म्हणून दुकानातून बी-कॉम्प्लेक्सच्या तगड्या गोळ्या आणून वर्षभर खाणारे मला भेटतात. बी-६ मोठ्या मात्रेत अनेक महिने पोटात गेलं तर त्यानेच मुंग्या आणि बधिरपणा येतो. पट्टीच्या मागे बी-६ चे मिलिग्रॅम किती ते वाचा आणि डॉक्टरांना दाखवा.

## ४. कमी का झालं?

बी-१२ दूध-दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. गरज दिवसाला २ मायक्रोग्रॅमच्या थोडी वर असते, आणि दुधाच्या मोठ्या पेल्यात साधारण १ मायक्रोग्रॅम असतं. चहातलं चमचाभर दूध यात धरू नका. इडली-डोसा आंबवलेला असतो म्हणून त्यात बी-१२ असतं, स्पिरुलिनाच्या गोळ्यांतून मिळतं, असं सांगितलं जातं. या दोन्हींवर विसंबू नका. स्पिरुलिनातला बराचसा भाग शरीराला वापरता न येणाऱ्या प्रकारचा असतो.

यकृतातला साठा दोन ते पाच वर्षं पुरतो. त्यामुळे श्रावण पाळल्याने किंवा चातुर्मासात वशाट सोडल्याने कुणाचं बी-१२ संपत नाही. उलट, चार वर्षांपूर्वी माळ घातली आणि त्रास आत्ता सुरू झाला, हे अगदी जुळतं. आहारात मासे-अंडी भरपूर असूनही कमी आलं तर पोटात ते शोषलं जात नाहीये, आणि त्याचं कारण डॉक्टरांनी शोधायला हवं.

डी चा प्रश्न उन्हाचा आहे. मुंबईत ऊन भरपूर, पण अंगावर पडतं कुठे? समोरच्या इमारतीत हात घातला तर पोचेल अशी खिडकी, सकाळी सातची लोकल, दिवसभर एसी, घरी येईपर्यंत अंधार. जून ते सप्टेंबर ढग. काचेतून येणाऱ्या उन्हाने डी तयार होत नाही, कारण त्यासाठी लागणारे किरण काच अडवते. सकाळचं कोवळं ऊन उत्तम, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकलं. पण त्या वेळी हे किरण फार थोडे असतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते, त्या वेळचं ऊन कामाचं. दुपारच्या सुट्टीत बाह्या वर करून थोडा वेळ बाहेर उभं राहणं हे सकाळच्या फेरीपेक्षा जास्त उपयोगी. त्वचा लाल होईपर्यंत मात्र नको.

लोह जीवनसत्त्व नाही, तरी ते इथे आलंच पाहिजे. थकवा, धाप, फिकटपणा यांत ते सारखं डोकावतं. पाळीत जास्त जातं का, मूळव्याधीतून रक्त जातं का, जेवणाला लागून चहा घेता का, हे लिहा. खडू, माती, कच्चे तांदूळ, बर्फ खावासा वाटतो का, हेही. बायका हे लाजून सांगत नाहीत. सांगा. लोह कमी असल्याची ती अगदी बोलकी खूण आहे.

तपासून बघा: थायरॉइड मंदावला तरी थकवा, केस गळणं, वजन वाढणं, हातपाय जड होणं हे सगळं होतं. म्हणून "माझं बी-१२ च कमी असणार" असं ठरवून जाऊ नका.

## ५. रक्त देण्याआधीची तयारी

डॉक्टरांकडे वही आणि पट्ट्यांची पिशवी घेऊन जा आणि तपासण्या त्यांच्याकडून लिहून घ्या. ऐंशी तपासण्यांचं पॅकेज घेऊन मग डॉक्टर शोधायचा, हा उलटा रस्ता आहे. बहुतेकांना सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, डी, टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि साखर एवढ्यात चित्र कळतं. डी साठी कागदावर "२५-हायड्रॉक्सी" लिहिलेलं असावं. "१,२५" नावाची दुसरी, महाग तपासणी कमतरता ओळखायला उपयोगाची नाही. चुकून तीच होते आणि नॉर्मल येते.

- बी-१२ ची सुई किंवा गोळी, मल्टिव्हिटॅमिन यांना अजून हात लावू नका. लावला असेल तर तारखेसकट सांगा. आम्ही ती कागदावर लिहितो.
- केस-नखांच्या गोळ्यांत बायोटिन असतं. त्याने थायरॉइडसारख्या काही तपासण्यांचे आकडे खोटे येतात. ते निदान दोन-तीन दिवस आधी बंद करा, आणि बंद केल्याचं सांगाही.
- ताप येऊन गेला असेल तर फेरिटिनसाठी दोन-तीन आठवडे थांबता येईल का ते विचारा. तापात, सुजेत ते वर जातं आणि लोहाची कमतरता झाकली जाते.
- शुगर आणि बीपीची औषधं मनाने बंद करायची नाहीत.

पाणी पिऊन या. उपाशीपोटी म्हणजे पाण्याविनाही असा अर्थ घेऊन लोक येतात, शीर सापडत नाही आणि मग दोनदा टोचावं लागतं.

## ६. रिपोर्ट वाचताना

ठळक अक्षरातला आकडा बघून मेडिकलच्या दुकानात जाऊ नका. आधी आकड्याशेजारचं एकक बघा. बी-१२ पिकोग्रॅममध्ये असेल तर साधारण २०० च्या खाली कमतरता धरतात. २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा. तेच पिकोमोलमध्ये छापलं तर २०० च्या जागी सुमारे १४८ येतं. डी नॅनोग्रॅममध्ये २० च्या खाली कमी मानतात, आणि नॅनोमोलमध्ये तोच आकडा ५० होतो. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून "दुप्पट वाढलं" म्हणणाऱ्यांनी हे एकदा पडताळावं.

संशयाच्या पट्ट्यात आकडा असेल आणि पायांना मुंग्या असतील तर शरीराला बी-१२ खरंच कमी पडतंय का हे बघायला डॉक्टर होमोसिस्टीन किंवा एमएमए ही रक्ताची पुढची तपासणी सांगू शकतात. वही इथेच कामाला येते: २४० आकडा आणि डोळे मिटल्यावर जाणारा झोक, याचा अर्थ नुसत्या २४० पेक्षा वेगळा आहे.

सीबीसीमध्ये एमसीव्ही नावाची ओळ शोधा. तांबड्या पेशीचा तो आकार, साधारण ८० ते १००. लोह कमी असेल तर तो घटतो, बी-१२ किंवा फोलिक ॲसिड कमी असेल तर वाढतो. आणि दोन्ही एकदम कमी असतील तर? मध्ये कुठेतरी, ८८-९० वर, साळसूद नॉर्मल दिसतो. अशा वेळी आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारांतला फरक, वाढलेला असतो. तेवढी ओळ बोट ठेवून दाखवा.

## ७. औषध सुरू झाल्यावर

नुसतं फोलिक ॲसिड नको. बी-१२ कमी असताना एकटं फोलिक ॲसिड घेतलं तर हिमोग्लोबिन सुधारतं, चेहऱ्यावर तकाकी येते आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं. गरोदरपणात फोलिक ॲसिड आवश्यकच असतं, तिथे ते थांबवायचं नाही; शाकाहारी असाल तर सोबत बी-१२ बद्दल विचारा.

डी ची ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल सहसा आठवड्यातून एकदा असते. रोज एक घेतल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. दुकानदाराने तोंडी सांगितलं, घरी जाईपर्यंत "आठवड्याला" गळून पडलं. डी शरीरात साठतं. जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं: मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान आणि लघवी, गोंधळलेपण, मूत्रपिंडाला इजा. कॅलेंडरवर रविवारी गोल करा, पुडी घेतली की त्यावर फुली मारा. जेवणानंतर घ्या, तूप-तेल पोटात असताना ती नीट शोषली जाते. ठरलेले आठवडे संपले की थांबा आणि पुढचं विचारा.

बी-१२ चा परिणाम रक्तात लवकर दिसतो, हिमोग्लोबिन साधारण दोन महिन्यांत जागेवर येतं. जीभ त्याआधीच सुधारते. मुंग्यांना मात्र महिने लागतात, आणि सुरुवातीला त्या थोड्या वाढल्यासारख्याही वाटू शकतात. इथे लोक कंटाळून सोडतात. सोडण्याआधी डॉक्टरांना फोन करा. कमतरतेचं कारण मेटफॉर्मिन किंवा शाकाहार असेल आणि ते तसंच चालू राहणार असेल, तर बी-१२ ही कायमचं चालू ठेवावं लागेल, कधी गोळीने, कधी सुईने.

फेरतपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा, डी साठी साधारण तीन महिन्यांनी. शक्यतो त्याच लॅबमध्ये या. जुना रिपोर्ट, वही आणि जिभेचा तो फोटो सोबत आणा, आणि शेवटची सुई कधी घेतली होती ती तारीख, मी विचारायच्या आधीच, मला सांगा.